डावा दिवा मागे का राहतो

गाडी सुरू करा आणि इंजिन संथ चालू द्या. बॉनेट एवढ्यात उघडू नका. समोर १९७२ची शेवरले कॉर्व्हेट आहे, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कारखान्यात बनलेली, फायबरग्लासच्या अंगाची. नाकाच्या दोन्ही बाजूंना झाकणं आहेत आणि प्रत्येकाखाली दोन दिवे. डॅशबोर्डवरची हेडलाइटची मूठ ओढा आणि बाहेर येऊन नुसतं पाहा. उजवं झाकण झटकन उभं राहतं. डावं अर्ध्यावर येतं, घुटमळतं, मग सावकाश वर जातं. ते घुटमळणं नीट पाहून घ्या. दोष काय आहे हे अजून ठरवायचं नाही.

आता एकच प्रश्न मनात धरा. हे झाकण उचलतं कोण? मोटर इथे नाही. १९६३ ते १९६७च्या कॉर्व्हेटमध्ये दिवे फिरवायला विजेच्या मोटरी होत्या. १९६८ला नवी बांधणी आली आणि ते काम व्हॅक्यूमकडे गेलं. पिस्टन खाली जाताना हवा मागतो, थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळे ती पुरेशी मिळत नाही, आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब उतरतो. धडधाकट इंजिनावर गेजचा काटा पाऱ्याच्या १७ ते २० इंचांच्या आसपास स्थिर उभा राहतो.

व्हॅक्यूम ओढतो, असं आपण सहज म्हणून जातो. इथे जरा थांबा. दिव्यामागच्या डब्यात रबराचा पडदा आहे. त्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली, दुसरी बाजू उघडी ठेवली. पडदा सरकतो तो उघड्या बाजूच्या हवेच्या रेट्याने. १८ इंच म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलोचा फरक. पडदा १०० चौरस सेंटिमीटरचा धरला तर रेटा ६० किलोंचा. आपल्या अंगाखांद्यावर सतत असलेली, कधीच न जाणवणारी हवा दिवा उचलते; इंजिनाने तिला जागा करून दिली इतकंच. (तेव्हा इंजिन चालू असताना झाकणाच्या फटीत बोटं घालू नका.) डेन्व्हर शहर १६०० मीटर उंचावर आहे. तिथे हाच काटा सुमारे पाच इंच खाली दिसतो, कारण तिथली हवाच विरळ. गाडीत बिघाड काहीच नसतो.

अजून एक गोष्ट सावकाश मनात घोळवा. इंजिन सगळ्यात कमी काम करत असतं, तेव्हा व्हॅक्यूम भरपूर असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळपास नाहीसा होतो. चढावर जोर लावताना दिवे लागले तर? त्यासाठी एक टाकी आहे, आणि टाकीच्या वाटेवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. संथ वेळेची शिल्लक तो धावपळीच्या वेळेसाठी अडवून ठेवतो. मला या सगळ्या रचनेत हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह फार आवडतो.

आता बॉनेट उघडा. हवा आत शिरते आहे, पण दिसत नाही. म्हणून उगमापासून निघायचं. मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह, टाकी, मग रिले (मूठ ओढली की व्हॅक्यूम डब्याकडे वळवणारी झडप), मग डबा. टी-जोड घालून गेज लावा. वायपर झाकणारी पट्टीसुद्धा याच व्हॅक्यूमवर चालते, तिची नळी काढून तोंड बंद करा. कॉर्व्हेटवाले यासाठी गोल्फचा लाकडी टी वापरतात, नळीत चपखल बसतो. काटा चढला तर गळती त्या फांदीत. चढला नाही तर नळी परत जोडून पुढे जा. दोन्ही दिवे मंद असते तर उगमाकडेच शोधत बसलो असतो. इथे उजवा चांगला आहे, म्हणजे बराचसा रस्ता आपोआप निर्दोष ठरला. डाव्याकडे या.

डब्याला दोन नळ्या येतात, एकीवर लाल रेघ, दुसरीवर हिरवी. एक उघडते, एक मिटते. इंजिन बंद करून दोन्ही काढा आणि झाकण हाताने हलवून पाहा. जड वाटलं तर दुखणं बिजागरीत आहे, व्हॅक्यूमचा त्यात दोष नाही. हलकं हललं तर नळीचं टोक उजेडात धरा. नळी बाकी मऊ असते, पण नळकांडीवर ताणून बसलेला अर्धा इंच कडक झालेला असतो. वाकवला की बारीक उभ्या चिरा उघडतात. तेवढा तुकडा कापून ताजं टोक चढवा. रेघांची अदलाबदल होऊ देऊ नका, नाहीतर हे झाकण उलटं चालेल.

तरीही घुटमळतोच? मग हातपंप घ्या, डब्याच्या एका तोंडाला लावा, १५ इंचांपर्यंत ओढा आणि हात काढून घ्या. काटा बघत राहा. लगेच कोसळला तर पडदा फाटलेला. हळूहळू उतरू लागला तर दांडा जिथून बाहेर येतो तिथलं रबरी सील संशयास्पद. हे दुसऱ्या तोंडावरही करा. काटा जागेवर राहिला तर डबा सोडून रिलेकडे वळा.

शोध आज संपला नाही आणि रात्री गाडी काढायचीच असेल, तर स्टिअरिंगखालच्या वेगळ्या स्विचने दोन्ही झाकणं आधीच उघडा, डावं पूर्ण वर बसलं आहे ना ते बाहेर येऊन बघा, आणि घरी पोहोचेपर्यंत ती तशीच उघडी ठेवा.