ज्याचे त्याचे आसन

मनुष्याने प्राप्त परिस्थितीशी जुळवून घ्यावे की परिस्थितीलाच आपल्या गरजेप्रमाणे वळण लावावे, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. त्याचा विचार करताना आपल्याकडील तत्त्वज्ञांनी बहुधा व्याधी, वियोग, दारिद्र्य आणि मृत्यू अशा थोर प्रसंगांचा आधार घेतला. परंतु मनुष्याचा देह आणि त्या देहाला जगात मिळणारी जागा यांच्याशी ज्याचा संबंध आहे, असा हा प्रश्न लहान मोटारीत चालकाच्या जागी बसणाऱ्या उंच मनुष्यापुढेही तितक्याच निकडीने उभा राहतो. आणि त्याने ती सीट बदलून घ्यावी की निमूटपणे सोसावी, याचा निर्णय वरवर पाहता गॅरेजातला असला, तरी त्याच्या मुळाशी समता आणि सहनशीलता या दोन मूल्यांविषयीची आपली समजूत असते.

१९८३ साली रस्त्यावर आलेली आणि पुढे तीस वर्षे मध्यमवर्गीयांच्या संसारात मानाचे स्थान राखून असलेली मारुती ८०० ही गाडी सुझुकी कंपनीच्या छोट्या जपानी मोटारीवरून घडविलेली होती. जपानात अशा मोटारींना करात सवलत मिळते. मात्र सरकारने मुक्रर केलेल्या मापाबाहेर जाण्याची त्यांना मुभा नसते, आणि १९७६ च्या नियमाप्रमाणे ते माप लांबीला ३.२ मीटर व रुंदीला १.४ मीटर होते. भारतात आलेली गाडी त्याहून किंचित मोठी असली, तरी तिचा पिंड तोच. माझे एक शिक्षक-स्नेही, सव्वासहा फूट उंचीचे, अशी गाडी वर्षानुवर्षे चालवीत. सीट मागच्या टोकापर्यंत सरकवूनही त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना वर येत, डोके छताच्या कापडाला टेकू नये म्हणून मान एका बाजूस कललेली राही, आणि गादी आखूड असल्यामुळे मांड्या अधांतरी राहून सगळा भार कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर पडे.

अखेरीस ते सीटचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेले, आणि त्या कारागिराची काम करण्याची रीत मला मननीय वाटली. त्याने प्रथम पान्याला हात लावला नाही, स्नेह्यांना जागेवर बसविले, दार उघडे ठेवून स्वतः बाहेर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सर, क्लच पूर्ण दाबा, आणि तसाच धरून ठेवा." मग गुडघा किती वाकतो, टाच कोठे टेकते, पाठ टेकलेली असताना हात स्टिअरिंगच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो की नाही, हे त्याने पाहून घेतले. त्यानंतरच सीट सोडविली गेली. गादीचा मागचा फोम दोन बोटे कापून बैठक खाली घेतली, पुढची कड उचलून व थोडी वाढवून मांड्यांना आधार दिला, आणि ज्या रुळांवर सीट सरकते ते रूळ जाड पोलादी पट्ट्यांच्या साहाय्याने थोडे मागे बसविले. शरीराचे निरीक्षण आधी आणि लोखंडाची कापाकापी नंतर, हा क्रम त्या कारागिराने कोणत्याही ग्रंथातून घेतला नसेल. पण त्यात न्यायाचे एक संपूर्ण तत्त्व सामावलेले आहे.

यावर आक्षेप येतो तो तितिक्षेच्या बाजूने. शीतोष्ण आणि सुखदुःख सोसण्याचा उपदेश ज्या परंपरेने केला, तिने देहाच्या तक्रारी वाढविण्यास कधी उत्तेजन दिले नाही. तेव्हा गुडघ्याला चाक लागते म्हणून गादी फाडणारा मनुष्य उद्या आणखी कशाकशासाठी अडून बसेल, अशी शंका विरक्त वृत्तीच्या माणसाला आली तर तिचा उपहास करणे योग्य नव्हे. परंतु तितिक्षेचे क्षेत्र कोणते, हे आधी नीट ठरविले पाहिजे. माझी उंची मला बदलता येत नाही. तिच्यामुळे दाराच्या चौकटीत वाकावे लागते, कपडे शिवूनच घ्यावे लागतात, आगगाडीच्या फळीवरून पाय बाहेर येतात, हे सर्व मी विनातक्रार सोसले तर ती तितिक्षा खरी. पण अडचणीत बसलेल्या चालकाचा गुडघा ब्रेककडे पाय नेताना चाकाला अडतो, तेव्हा त्या विलंबाची किंमत रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या पोराला मोजावी लागण्याचा संभव असतो. ज्या सोसण्याचा भार दुसऱ्याच्या जिवावर पडतो, त्याला तप म्हणणे ही आत्मवंचना आहे.

शिवाय आसनाकडे दुर्लक्ष करणे हे आपल्या परंपरेला मान्य आहे, ही समजूतच निराधार आहे. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची दोनच लक्षणे सांगितली, स्थैर्य आणि सुख. आणि ज्या शास्त्राचे ध्येय देहभावाच्या पलीकडे जाण्याचे, त्याने सुखाला तेथे स्थान द्यावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याचे आसन फार उंच नसावे व फार सखलही नसावे असे सांगितले आहे. तेथे बोटांचा किंवा हातांचा आकडा दिलेला नाही, आणि उंच व सखल या कल्पना बसणाऱ्याच्या देहावाचून निरर्थक असल्यामुळे त्या मोजमापाचा अखेरचा आधार साधकाचा स्वतःचा देहच ठरतो. देह शांतपणे टेकला म्हणजे त्याचा विसर पडतो आणि चित्त कार्याला मोकळे होते. ध्यानाच्या बाबतीत जे खरे, ते घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवणाऱ्या चालकाच्या बाबतीतही खरे आहे.

याहूनही स्पष्ट साक्ष यज्ञवेदीच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांची आहे. अग्निचयनाची वेदी किती मोठी असावी, तर साडेसात चौरस पुरुष, असे तेथे विधान आहे; आणि हा पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. तेवढ्या लांबीचा वेळू घेऊन जमीन आखावयाची. यजमान उंच असेल तर वेदीचा विस्तार वाढतो, ठेंगणा असेल तर आटोपतो. आकृती आणि प्रमाण मात्र बदलत नाही. श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराच्या वेदीचे पंख श्येनाचेच राहतात. समतेविषयीचा सर्वांत सखोल विचार मला येथे दिसतो: देह आणि वेदी यांच्यातले नाते सर्वांसाठी एकच, पण त्या नात्यातून निघणारा आकडा मात्र ज्याचा त्याचा. माझ्या स्नेह्यांनी कारागिराकडे मागितले ते एवढेच होते. गुडघ्याचा जो वाक, पाठीला जो टेका आणि पायाला जी मोकळीक मध्यम उंचीच्या चालकाला आयती मिळते, तेच नाते त्यांना हवे होते, आणि त्यासाठी लोखंडाला निराळ्या आकड्यावर बसविणे भाग होते.

आधुनिक कारखानदारीला ही गोष्ट बऱ्याच उशिरा उमगली. अमेरिकेच्या हवाई दलातील संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५२ साली ४,०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास केला आणि उंची, छाती, बाहू इत्यादी दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक त्यांत किती, याचा हिशेब केला. तो निघाला शून्य. सरासरीसाठी बांधलेली बैठक म्हणजे कोणासाठीच नसलेली बैठक, हा त्याचा अर्थ होता, आणि सीट व पायपट्ट्या मागेपुढे, वरखाली करता येतील अशा बनविल्या पाहिजेत, या विचाराला त्यातून बळ मिळाले. म्हणजे उंच मनुष्य हा नियमाला अपवाद आहे, असे मानण्याचेही कारण उरत नाही. प्रत्येक देह कोणत्या ना कोणत्या अंगाने अपवादच असतो. उंच मनुष्याच्या ठिकाणी ते डोळ्यांना दिसते, इतकेच.

तथापि येथपर्यंत आल्यावर यज्ञभूमी आणि मोटार यांतला एक मोठा भेद लक्षात घेतलाच पाहिजे. यजमानाची वेदी वाढली तर भोवतीची मोकळी जमीन तिला वाट देते. मोटारीचा तळ मात्र वाढत नाही. चालकाची सीट जितकी मागे जाईल, तितकी जागा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढून कमी होते, आणि मागे बसणारी बहुधा वृद्ध आई असते किंवा शाळकरी मूल, ज्यांची तक्रार करण्याची शक्ती चालकापेक्षा कमी असते. त्याचप्रमाणे सीटचे बोल्ट आणि सुरक्षापट्ट्याचे बंध हे धडकेच्या क्षणी माणसाला जागेवर धरून ठेवण्यासाठी योजलेले असतात. लांबविलेली पट्टी कच्ची निघाली, किंवा सीट मागे गेल्याने पट्टा खांद्याऐवजी मानेवर आला, तर मोकळीक मिळविण्याच्या नादात प्राणच गमवावे लागतील. कायद्यानेही या स्वातंत्र्याला हद्द घातली आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीच्या दाखल्याशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई करते. म्हणून त्या कारागिराने बैठक आधी खाली घेतली, मांडीला आधार दिला, आणि एवढे करूनही जी तूट उरली तेवढ्यापुरतेच रूळ मागे नेले, यात केवळ कसब नव्हते. आपल्या देहाला लागते तेवढे घ्यावे आणि त्याहून एक बोटही अधिक घेऊ नये, हा अपरिग्रहाचा शुद्ध अर्थ त्याच्या कामात उतरला होता.

यावरून माझे मत असे बनले आहे की, आपल्या मापाचे आसन मागण्याचा अधिकार आणि ते मागताना पाठीमागे बसलेल्याचे माप ध्यानात ठेवण्याचे कर्तव्य ही एकाच समतेची दोन अंगे आहेत, आणि त्यांपैकी एक सोडून दुसरे पाळता येत नाही. जे सर्वांसाठी माप ठरवितात, मग ते मोटारीचे कारखानदार असोत, शाळेच्या बाकांचे कंत्राट देणारे अधिकारी असोत वा बसगाड्यांची रचना मुक्रर करणारी खाती असोत, त्यांच्यावर याचा जिम्मा अधिक आहे. कारण त्यांनी रुळाला आणखी दोन खाचा ठेवल्या असत्या, तर कित्येकांना पान्याचा आश्रय घ्यावा लागला नसता. तोपर्यंत ज्याला देहाने मोठे माप दिले आहे त्याने संकोच न करता आपली सीट नीट करून घ्यावी, मात्र काम हातावेगळे करण्यापूर्वी एकदा मागच्या आसनावर स्वतः बसून पाहावे. आणि तेथे बसवत नसेल, तर रूळ पुन्हा पुढे घेण्याची तयारी ठेवावी.