परभाषेतील ज्ञान आणि वाक्यार्थाचा प्रश्न

परदेशातील विद्यापीठात परक्या भाषेतून शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळसे शब्द ओळखू येतात, पण वाक्य हाती लागत नाही. आणि मातृभाषेत ज्या विषयावर त्याचे प्रभुत्व होते, त्याच विषयात तो अजाण असल्यासारखा दिसू लागतो. त्यामुळे परभाषेतील वाक्य कळते तेव्हा नेमके काय घडते, आणि त्या वाक्यातून मिळालेले ज्ञान शिकणाऱ्याचे स्वतःचे केव्हा होते, हे प्रश्न केवळ अध्यापनाचे न राहता तत्त्वज्ञानाचे होतात.

पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ ठरविण्याचे नियम सांगणाऱ्या दर्शनात, यावर दोन पक्ष आहेत. कुमारिल भट्टांच्या अभिहितान्वयवादानुसार प्रत्येक पद आधी आपापला अर्थ सांगते आणि मग आकांक्षा (पदांची परस्परांविषयीची अपेक्षा), योग्यता (अर्थांचा अविरोध) व संनिधी (पदांची जवळीक) यांच्या साहाय्याने ते अर्थ एकमेकांशी जोडले जातात. प्रभाकरांचा अन्विताभिधानवाद असे मानतो की, पद मुळातच इतर अर्थांशी जोडलेला अर्थ सांगते. कारण मूल भाषा शिकते ते सुट्या शब्दांतून नव्हे, तर ‘गाय आण’, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी मोठ्यांची वाक्ये ऐकून आणि त्यानुसार घडणारी कृती पाहून. वाक्यात एक पद येते, दुसरे जाते आणि त्याबरोबर कृती बदलते. या आवाप-उद्वापातून मुलाला पदांचे अर्थ उलगडतात.

ही चर्चा गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याच्या परिसराला परकी नाही. याच जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते, आणि त्याच्या ‘मालतीमाधवा’च्या एका हस्तलिखितात त्या नाटकाच्या कर्त्याला कुमारिलांचा शिष्य म्हटले आहे. शिवाय घरी पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी, असा प्रवास या जिल्ह्यातील अनेक मुले लहानपणीच करतात. शब्दकोश हाती न घेता, केवळ व्यवहारात वावरून त्यांनी एकाहून अधिक भाषा आत्मसात केलेल्या असतात, आणि हा अनुभव प्रभाकरांच्या बाजूने साक्ष देतो.

परदेशी वर्गात नव्याने बसलेला विद्यार्थी मात्र नाइलाजाने कुमारिलांच्या मार्गाने चालतो: तो एकेक पदाचा अर्थ जुळवीत असतो आणि तेवढ्यात अध्यापक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात. त्याचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे. पदांचे अर्थ उपस्थित आहेत, त्यांचा अन्वय, म्हणजे परस्परसंबंध, व्हायचा आहे, अशी ती मधली अवस्था असते. प्रयोगशाळा, चर्चा आणि सहाध्यायांचा सहवास यांत तो वावरू लागला की पूर्ण वाक्य एकदम कळू लागते.

तरीही कळणे म्हणजे ज्ञान आपले होणे नव्हे, हे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. या असममितीत वंशानुसार भेद असतो, असे त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर यांचे गृहीतक होते. प्रत्यक्ष मोजमापांतून त्याला आधार मिळाला नाही आणि कर्वे यांनी तसाच निष्कर्ष मांडला. शास्त्रपरंपरेच्या परिभाषेत सांगायचे तर, त्यांनी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्याच भाषेत समजून घेतला आणि सिद्धान्त स्वतःच्या प्रमाणांवर उभारला.

म्हणून परभाषेतील ज्ञान स्वतःचे झाल्याची कसोटी उच्चारांची सफाई किंवा ओघवते बोलणे ही नसून, त्या भाषेत गुरूचे म्हणणे यथार्थपणे मांडून गरज पडेल तेथे ते सप्रमाण नाकारता येणे ही आहे. कामठ्यातून उद्या परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीच्या मौनाला पराभव समजू नये, आणि बोलणे सहज जमू लागले म्हणून केवळ होकार देण्यातही समाधान मानू नये.