फुरसतीचा हिशेब

बी.एड.चा निकाल घेऊन आम्ही पाच-सहा मित्र बाहेर पडलो ते साल होते 2012. त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायचे, यापलीकडे आम्ही कसला विचारच केला नव्हता. 2013 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा आली, 2017 च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, मग पवित्र पोर्टल आले आणि नेमणुकांची यादी लागेपर्यंत 2019 उजाडले. मधल्या काळात कुणी घड्याळी तासिकांवर शिकवले, कुणी घरोघर शिकवण्या घेतल्या, कुणी संस्थाचालकांच्या पायऱ्या चढून, जागेची 'किंमत' ऐकून परत उतरला. आज आमच्यापैकी बहुतेकांच्या हाती खडू आहे. पण त्या सात वर्षांबद्दलचा एक प्रश्न अजून मनातून जात नाही. तेव्हा आम्ही जगत होतो, की नुसती जगण्याची वाट पाहत होतो?

त्या काळात आमच्या तोंडी एकच वाक्य असे : "नोकरी लागू दे, मग बघू." अब्बांचे डोळे तपासायचे होते, घराचे गळके पत्रे बदलायचे होते, खालाकडे जाऊन यायचे होते. सगळे 'मग'च्या खात्यावर. खालाकडे जायला तर पैसेही लागत नव्हते; पण तिथे कुणीतरी "काय झालं रे नोकरीचं?" असे विचारील या धास्तीने पाय उचलत नसे. अशाने नोकरी शोधता शोधता रोजचे आयुष्य मागे पडत गेले आणि त्याची उधारी वाढत गेली.

अशातच आमच्यातल्या एकाला खत्तातीचा नाद लागला. बोरू तासायचा, शाई कालवायची आणि रात्र रात्र एकच अलिफ गिरवायचा. खत्तातीत अक्षराची उंची त्याच लेखणीच्या नुक्त्यांनी मोजतात, हे आम्ही त्याच्याकडूनच शिकलो. एकदा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी ते पाहिले आणि म्हणाले, "बेटा, बेकार माणसाला असले शौक शोभत नाहीत." त्या रात्री त्याने बोरू बाजूला ठेवला. आम्हीही गप्प राहिलो, कारण आम्हांलाही मनातून तेच वाटत होते.

पण ते खरे होते का? त्या वाक्यातले शब्दच जरा तपासून पाहू. आपल्या मराठीत आणि उर्दूत ते सारखेच नांदतात. 'बेकार' म्हणजे ज्याला काम नाही तो; पण बोलता बोलता त्याचा अर्थ 'निरुपयोगी' असा झाला आणि काम गेलेल्या माणसाची किंमतही गेली. 'शौक' म्हणजे मुळात ओढ, तळमळ. आपण त्याला चैनीच्या पंक्तीला बसवले. 'रोजगार' या फारसी शब्दाचा जुना अर्थ काळ, दिवस असा आहे; पोटापाण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आणि 'फुरसत' ज्या अरबी शब्दावरून आली, त्याचा अर्थ आहे संधी. म्हणजे रोजगार नसला तरी रोज उगवणारा दिवस असतोच, आणि फुरसत ही शिक्षा नसून संधीही असू शकते.

अर्थात शब्दांच्या अर्थाने पोट भरत नाही, आणि रिकामा वेळ मिळाला की माणूस आपोआप छंदाला लागतो असेही नाही. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचे एक गाव आहे. तिथली गिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. 1933 साली तो प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती. तरी पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यात रेंगाळत उभे राहत, आणि दिवसभर काय केले असे विचारले तर त्यांना सांगता येत नसे. बायकांचे तसे नव्हते. त्यांचीही नोकरी गेली होती, पण चूल, मुले, धुणे-शिवण यांनी त्यांचा दिवस भरलेला होता.

हे वाचले आणि आम्हांला आमचेच घर आठवले. आम्ही 'बेकार' होतो त्या सात वर्षांत अम्मी एक दिवसही बेकार नव्हती. आपा शिलाई मशीनवर बसून आमच्या परीक्षांची फी भरत होती. आणि खरा नैतिक प्रश्न इथेच आहे. दुसऱ्याच्या कष्टावर जगणाऱ्याला स्वतःचा शौक जोपासण्याचा हक्क आहे का?

पुष्कळ जण यावर म्हणतील, छंदातूनच पुढे कमाई होते, म्हणून तो करावा. हे उत्तर आम्हांला पटत नाही. ज्याला कमाईची साक्ष काढावी लागते तो छंद उरत नाही. तो आणखी एक अर्जच होतो. आमचे उत्तर वेगळे आहे. हक्क आहे, पण घरातल्या रोजच्या कामात आपला वाटा उचलल्यावर. पाणी भरा, भाजी निवडा, अब्बांना दवाखान्यात न्या, खालाच्या दारात जाऊन तो नको असलेला प्रश्न एकदा ऐकून घ्या. त्यानंतरचा तास तुमचा आहे. त्या तासात अलिफ गिरवा नाहीतर गझल ऐका. कुणाला जाब द्यायची गरज नाही. आणि हाच हक्क आपालाही आहे. तिला कसला शौक होता, हे आम्ही त्या सात वर्षांत एकदाही विचारले नाही. बुजुर्गांचे बोलणे आम्हांला लागले, पण आमचे हे न विचारणे त्याहून मोठी चूक होती.

सूरह अस्रमध्ये काळाची शपथ आहे, आणि पुढे सब्राचा उल्लेख आहे. सब्र म्हणजे हात बांधून बसणे, असा अर्थ आपण सोयीने करून घेतला. हाताशी असलेला दिवस नीट पार पाडत राहणे, हाही सब्रच नव्हे का?

आज आमचे विद्यार्थी त्याच रांगेत उभे आहेत. 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, ती देणारी कितीतरी मुले-मुली आम्हांला भेटतात आणि म्हणतात, "सर, नोकरी लागू दे, मग बघू." आम्ही त्यांना अभ्यास सांगतो, अर्ज भरायला मदत करतो. आणि निघताना एवढेच विचारतो, "आज घरात काय काम केलंस? आणि स्वतःसाठी काय केलंस?"

अब्बांचे डोळे आम्ही नोकरी लागल्यावर तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते.