विळ्याचे दाते आणि अहिंसा

आश्विनात फोंडाघाटात हळवं भात पिवळं पडतं. वर दाजीपूरच्या बाजूला ढग गडगडत असतात, म्हणून भाताचे कुणगे कापून उरकायची घाई असते. दिवसभर ओणवं राहायचं, डाव्या मुठीत चूड धरायचा आणि उजव्या हाताने विळा ओढायचा. भाताच्या काडीत सिलिका असते, तिच्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं. मग धारेचं काम मनगटाला करावं लागतं. हिसका द्यावा लागतो, आणि त्या हिसक्याने पिकल्या लोंबीचा दाणा मातीत जातो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘वैभव’ विळ्याला बारीक दाते आहेत. ओढताना दाते काडी धरून ठेवतात, पातं निसटत नाही. जोर दात्यांच्या टोकांवर एकवटतो, त्यामुळे हात नुसता ओढत जातो. रात्री मनगट ठणकत नाही, हे मला कुणी पटवून द्यायला नको.

खंडेनवमीला मी हा विळा पाटावर मांडला तेव्हा सासूबाईंना रुचलं नाही. “करवतीन कापलेली नवी देवाक कशी चलतली?” त्यांनी विचारलं. देवाची नवी, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, जुन्या विळ्यानेच कापायची, असा त्यांचा नेम. त्यांच्या लेखी कष्ट हेच पुण्य, आणि ते त्यांनी जन्मभर मनापासून केलेत. म्हणून त्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. श्रम हलके झाले तर भक्ती हलकी होते का?

शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत, तेराव्या अध्यायात, अहिंसेचं मोठं विवेचन आहे. लहानसा जीव दुखावेल म्हणून जपून पाऊल टाकणारा माणूस त्यात भेटतो. कापणीला उभी असलेली मी त्या माणसाजवळ कशी पोहोचणार? कुणग्यातले किडे माझ्या पायाखाली येतातच. पण त्याच विवेचनात माउली यज्ञातल्या हिंसेला अहिंसा ठरवणाऱ्यांना फटकारतात: झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्याच बुंध्याला कुंपण घालण्याचा हा प्रकार, असं म्हणतात. हे वाचलं आणि माझं उत्तर मला सापडलं. बाईचं मनगट झिजवून धर्म राखणं हेही तसलंच कुंपण आहे. भात कापल्यावाचून अन्न नाही, ती हिंसा मी कबूल करते. पण कापण्यापलीकडे लागणारा प्रत्येक हिसका, सांडलेला प्रत्येक दाणा, दुखणारी प्रत्येक पाठ ही वरची हिंसा आहे, आणि ती टळत असताना चालू ठेवणं हा अधर्म. ज्याने दात्यांचा विचार केला त्याने कापणाऱ्या देहाची कणव केली. माझ्या लेखी ती पूजेइतकीच मोठी.

एक हिशेब मात्र उरतो. साधा विळा आमचा लोहार भट्टीत तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा धारेला आणतो. झिजलेले दाते पुन्हा पाडायचं साधन त्याच्याकडे नाही, तो विळा भंगारात जातो. माझं मनगट वाचावं आणि त्याची ऐरण थंड पडावी, हे मला पटत नाही. दाते पाडण्याचं साधन आणि शिक्षण गावच्या लोहारापर्यंत आलं पाहिजे. कृषी विद्यापीठाची माणसं गावात आली की मी आधी तेच मागणार आहे.