होऊ नये म्हणून

‘आमचा हेतू तसा नव्हता’ हे वाक्य माणसाच्या तोंडी जितक्या सहजपणे येते तितक्या सहजपणे दुसरे क्वचितच येत असेल. आरोपी ते न्यायासनापुढे उच्चारतो, राज्यकर्ता सभागृहात उच्चारतो, आणि घरच्या माणसाचे मन दुखावल्यावर आपण सर्वच ते उच्चारतो. ऐकणाराही बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देतो. ‘हेतू कोणी पाहिला आहे? झाले काय ते बोला,’ असे कोणी म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘हेतू शुद्ध होता ना, मग दोष कसला?’ ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटत आली आहेत. ती का अपुरी, याचा थोडा उलगडा आम्हांस नीतिशास्त्राच्या ग्रंथापेक्षा प्राचीन ग्रीक भाषेच्या व्याकरणात झाला, हे सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. म्हणून तोच विषय आज येथे मांडावा असा विचार आहे.

क्रियापदावरून केवळ क्रिया कळते असे नाही, तर बोलणाऱ्याच्या मनाची त्या क्रियेकडे पाहण्याची रीतही कळते. तिला आपल्या मराठी व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात, आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे त्याचे चार प्रकार आपण शाळेत शिकतो. ग्रीक वैयाकरणांनी याच गोष्टीस ‘एन्क्लिसिस’ असे नाव दिले. त्याचा मूळ अर्थ कलणे, झुकणे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणग्रंथात असे पाच कल सांगितले आहेत. त्यांतील दोघांशी आपणांस येथे कर्तव्य आहे. एकास आम्ही संभावनार्थ म्हणू, दुसऱ्यास इच्छार्थ. संस्कृतज्ञ वाचकांस हे जोडपे अपरिचित नाही. वेदांच्या भाषेत लेट् आणि लिङ् अशी हीच दोन भावंडे नांदत होती. पुढे अभिजात संस्कृतातून लेट् नाहीसा झाला, त्याची उत्तमपुरुषी रूपे तेवढी लोटाच्या आश्रयाने उरली. ग्रीकाने मात्र दोघांनाही दीर्घकाळ सांभाळले, आणि हेतू सांगण्याच्या कामी दोघांमध्ये एक मोठी अर्थपूर्ण वाटणी केली.

ती वाटणी अशी. ‘नगर वाचावे म्हणून दूत जातो’ असे ग्रीकात म्हणावयाचे झाल्यास ‘हिना’ किंवा ‘होपोस’ हे अव्यय घालून ‘वाचणे’ हे क्रियापद संभावनार्थात ठेवितात. परंतु मुख्य क्रिया भूतकाळात गेली, म्हणजे ‘नगर वाचावे म्हणून दूत गेला’ असे म्हणावयाचे असले, की तेच क्रियापद सामान्यतः इच्छार्थात जाते. क्रिया मागे पडली, तिच्याबरोबर हेतूही एक पाऊल मागे सरला, असा हा प्रकार आहे. मराठीत हा भेद नाही. दूत जावो की गेलेला असो, आपले ‘वाचावे’ जागचे हलत नाही. मराठी मुलखाबाहेर राहून रोजचे व्यवहार दुसऱ्या भाषेत करणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अनुभव असेलच, की एका भाषेत जे न बोलता चालते ते दुसरी भाषा आपल्याकडून सक्तीने वदवून घेते.

परंतु ग्रीकाची खरी खुबी पुढेच आहे. भूतकाळी क्रियेनंतर इच्छार्थ यावा हा प्रघात खरा, पण ते बंधन नव्हे. लेखकाची इच्छा असल्यास तो भूतकाळातही संभावनार्थच कायम ठेवू शकतो. तसे केले म्हणजे हेतू मागे सरत नाही. करणाऱ्याच्या मनात त्या क्षणी तो जसा होता तसाच, अजून पुरा न झालेला आणि फसण्याची भीती असलेला, वाचकासमोर उभा राहतो.

याचे एक उदाहरण थ्युसिडिडीजच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात आहे. लेस्बॉस बेटावरील मितिलीनी या नगराने ख्रिस्तपूर्व 428 मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढल्या वर्षी ते शरण आले. संतापलेल्या अथेन्सच्या सभेने ठराव केला, की नगरातील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारावे आणि बायकामुलांस गुलाम करावे. तो हुकूम घेऊन एक जहाज तेथील सेनापती पॅकीसकडे निघालेही. रात्र उलटली आणि लोकांस पश्चात्ताप होऊ लागला, की अपराध्यांबरोबर सबंध नगर मारणे हे क्रूर आहे. पुन्हा सभा भरली. क्लिऑन पहिल्या ठरावाच्या बाजूने बोलला, डायोडोटस विरुद्ध बोलला. हात वर झाले ते जवळजवळ सारखे, परंतु डायोडोटसचे मत निसटते वर आले. लगेच दुसरे जहाज घाईने पाठविण्यात आले. पहिले जहाज आधी पोहोचून नगर नष्ट झालेले आढळू नये म्हणून, असे थ्युसिडिडीज सांगतो. पहिले जहाज सुमारे एक दिवस व एक रात्र पुढे होते.

या वाक्यातील ‘आढळू’ हे क्रियापद त्याने संभावनार्थात ठेविले आहे. इतिहासकारास शेवट ठाऊक आहे. नगर वाचले हे त्याने लिहिण्यापूर्वीच घडून गेलेले आहे. तरीही वाक्य अशा ठिकाणी उभे आहे, की जेथून शेवट दिसत नाही. मितिलीनीच्या वकिलांनी नावाड्यांसाठी द्राक्षासव व जव पुरविले, आणि वेळेवर पोहोचल्यास मोठे बक्षीस कबूल केले. नावाडी आसव आणि तेल घालून मळलेले जवाचे पीठ वल्हवता वल्हवताच खात होते, आळीपाळीने झोपत होते. सुदैवाने वारा विरुद्ध नव्हता. पहिले जहाज तसल्या विपरीत कामगिरीवर निघालेले असल्यामुळे सावकाश चालले होते. पॅकीसने हुकूम वाचला, तो आता अमलात आणणार, एवढ्यात दुसरे जहाज बंदरात आले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भूतकाळात संभावनार्थ ठेवण्याची थ्युसिडिडीजला सवयच आहे. झेनोफन इच्छार्थाकडे अधिक वळतो, हा ज्याच्या त्याच्या शैलीचाही भाग आहे. तेव्हा अशा प्रत्येक रूपामागे खोल हेतू शोधू नये. आमचे म्हणणे एवढेच, की भाषेने वाट मोकळी ठेविली होती, आणि या प्रसंगी त्या वाटेने जाताना वाचकाचा श्वास थोडा अडकतो.

आता आरंभीच्या दोन उत्तरांकडे वळू. ‘झाले काय ते बोला’ म्हणणाऱ्यास आम्ही विचारतो, की दुसरे जहाज अर्ध्या दिवसाने उशिरा पोहोचले असते तर? वल्ही तीच, जागरण तेच, पण नगर गेले असते. मग त्या नावाड्यांची किंमत कमी झाली असती काय? फळ हेच एकमेव माप धरले तर पुण्याचा अर्धा वाटा वाऱ्याला द्यावा लागेल. नव्हे, पहिल्या जहाजावरील नावाड्यांसही द्यावा लागेल. नगर वाचविण्याचा हेतू त्यांच्यापाशी होता असे इतिहासकार म्हणत नाही. कामाचा वीट होता म्हणून हात जड झाले होते, इतकेच. तरी त्यांच्या मंदपणावाचून नगर वाचते ना. फळ अनेकांचे असते, हेतू मात्र ज्याचा त्याचा असतो. दोहोंस एकाच तराजूत घालणे हाच घोटाळा होय.

ग्रीक भाषा हा घोटाळा होऊ देत नाही. परिणाम सांगण्यासाठी तिने ‘होस्ते’ हे निराळे अव्यय ठेविले आहे, आणि परिणाम प्रत्यक्ष घडला असे ठासून सांगावयाचे असल्यास त्यापुढे स्वार्थी क्रियापद येते. नकारसुद्धा वेगळा आहे. घडलेल्या गोष्टीचा नकार ‘ऊ’ ने होतो, हेतूचा नकार ‘मे’ ने होतो. या ठिकाणी आपली मराठीही मागे नाही. ‘नगर नष्ट झाले नाही’ आणि ‘नगर नष्ट होऊ नये’ यांतील ‘नाही’ आणि ‘नये’ ही दोन वेगळ्या जगांतील माणसे आहेत. एक वस्तुस्थितीचा साक्षीदार आहे, दुसरा इच्छेचा.

‘हेतू शुद्ध होता ना’ म्हणून समाधान मानणाऱ्यास याहून कठीण प्रश्न विचारावा लागतो. मितिलीनीची कथा जहाज बंदरात शिरल्यावर संपत नाही. बंडाचे मुख्य अपराधी म्हणून अथेन्सला पाठविलेल्या माणसांस क्लिऑनच्या सूचनेवरून ठार करण्यात आले. ती हजाराहून थोडी अधिक होती, असे थ्युसिडिडीज नोंदवितो. नगराचे तट पाडले, जहाजे काढून घेतली. ज्या सभेने नगर नष्ट होऊ नये म्हणून रात्रंदिवस वल्ही मारविली तिनेच हेही केले. शिवाय डायोडोटसचे भाषण पाहिले तर त्यात दयेचे आवाहन नाही. अथेन्सचे हित कशात आहे एवढाच प्रश्न त्याने उभा केला. नावाड्यांच्या डोळ्यांपुढे बक्षीस होते. म्हणजे ज्याला आपण एक हेतू म्हणतो तो उलगडू लागल्यास त्यात पश्चात्ताप, हिशेब आणि लोभ असे अनेक धागे निघतात. शुद्ध हेतूचा दाखला देणाऱ्याने आपले सूत इतके उलगडून पाहिलेले असते काय?

यासाठीही ग्रीकात एक सूचक रचना आहे. ‘होस’ हे अव्यय आणि भविष्यकालवाचक धातुसाधित यांनी हेतू सांगितला, की तो कर्त्याच्या म्हणण्याप्रमाणेचा हेतू ठरतो. तो खरा की खोटा, याची हमी लेखक घेत नाही. आणि थ्युसिडिडीज तर कधी कधी बोललेला हेतू आणि खरा हेतू समोरासमोर उभे करतो. ख्रिस्तपूर्व 415 मध्ये अथेन्सचे आरमार सिसिलीवर निघाले तेव्हा आप्तांच्या व मित्रांच्या मदतीस जातो असे दिसण्यास शोभिवंत कारण होते. सर्वांत खरे कारण सबंध बेटावर सत्ता गाजविण्याची इच्छा हे होते, असे तो स्पष्ट सांगतो. दोन वर्षांनी त्या सैन्याचा सर्वनाश झाला, आणि निदान सात हजार कैदी सिराक्यूझच्या दगडाच्या खाणींत कोंडले गेले.

आपले ‘म्हणून’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच ते रूप. ‘नगर वाचावे म्हणून गेलो’ याचा मुळाशी अर्थ, ‘नगर वाचावे’ असे म्हणून गेलो. मराठीत हेतू हे जणू कर्त्याने स्वतःशी म्हटलेले वाक्यच आहे. हे शब्दाचे मोठे शहाणपण आहे, कारण म्हटलेले खरेच असते असे नाही. परंतु त्यात धोकाही आहे. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ आणि ‘पाऊस थांबावा म्हणून थांबलो’ यांत कारण आणि हेतू यांस एकच शब्द चालतो. भेद राखण्याचे काम ‘आला’ आणि ‘थांबावा’ या क्रियापदांच्या अर्थांवर पडते. तेथे आपण निष्काळजी झालो, की कारणाला हेतू आणि हेतूला कारण म्हणून खपविणे सोपे होते.

आणखी एक रचना सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ज्या हेतूची वेळच निघून गेली तो ग्रीकात संभावनार्थातही येत नाही आणि इच्छार्थातही येत नाही. तो भूतकाळी स्वार्थात येतो. सोफोक्लीसच्या नाटकात आपले डोळे फोडून घेतलेला ईडिपस सिथेरॉन पर्वतास विचारतो, की मला आश्रय देऊन तत्काळ ठार का केले नाहीस, म्हणजे माझा जन्म कोणापासून झाला हे मी जगास कधी दाखविले नसते. येथे हेतूस कलण्यासाठी पुढे जागाच उरलेली नाही, म्हणून क्रियापद घडलेल्या गोष्टींच्या रांगेत, पण न घडलेले म्हणून, जाऊन बसते. पश्चात्तापाचे व्याकरण इतक्या कठोरपणे दुसऱ्या कोठे मांडलेले आमच्या पाहण्यात नाही.

या साऱ्याचा मथितार्थ आम्हांस असा दिसतो. हेतुवाक्य हे नेहमी गौण वाक्य असते. मुख्य वाक्य कृतीचे. आणि हेतू पुरा झाला की नाही हे हेतुवाक्य कधीच सांगत नाही. त्यासाठी तिसरे वाक्य लिहावे लागते. ‘आमचा हेतू तसा नव्हता’ म्हणणारा गौण वाक्य बोलून थांबतो, आणि मुख्य व तिसरे वाक्य गिळून टाकतो. ‘झाले काय ते बोला’ म्हणणारा तिसरे वाक्य तेवढे ऐकू इच्छितो. न्याय करावयाचा तर तिन्ही वाक्ये, प्रत्येक आपापल्या अर्थात, म्हटली पाहिजेत. दुसऱ्याच्या कृतीविषयी बोलताना त्याचा हेतू संभावनार्थात ठेवावा, म्हणजे शेवट ठाऊक नसलेल्या त्याच्या जागी क्षणभर उभे राहता येईल. स्वतःच्या कृतीविषयी बोलताना मात्र स्वार्थ सोडू नये, म्हणजे झाले ते झाले असे म्हणता येईल. आपण सामान्यतः याच्या नेमके उलट करतो.

भाषा ही सोय सदैव पुरवीत नाही. पुढील शतकांत ग्रीकाचा इच्छार्थ हळूहळू लोपला, आणि जुन्या ‘हिना’चे आजच्या ग्रीकात ‘ना’ एवढेच राहिले आहे. आपला लेट् तर केव्हाच गेला. परंतु रूप गेले म्हणून भेद जात नाही. जे काम पूर्वी क्रियापदाचा प्रत्यय करीत असे ते आता बोलणाऱ्यास जाणून करावे लागते. पुढल्या खेपेस ‘आमचा हेतू तसा नव्हता’ हे शब्द ओठांवर आले, तर आपले दुसरे जहाज खरोखर निघाले होते काय, आणि निघाले असल्यास ते बंदरात पोहोचले काय, हे दोन प्रश्न आधी स्वतःस विचारून पाहावेत.