न लागलेला निकाल

"तो मेला, बरं झालं. हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही काहीही सांगा, माझं मत बदलणार नाही."

बोलणं सिनेमावरून निघालं होतं. टीव्हीवर श्रीराम राघवनचा 'बदलापूर' लागला होता, 2015चा. बदलापुरातल्याच घरात बसून त्या सिनेमाविषयी बोलू लागलं की बोलणं सिनेमापुरतं राहत नाही. वहिनींची मुलगी बालवाडीत जाते. बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, त्याविरुद्धच्या आंदोलनात 20 ऑगस्ट 2024 ला वहिनी बदलापूर स्टेशनच्या रुळांवर होत्या. मी उल्हासनगरला राहतो. त्या प्रकरणाचा शेवटचा, फारसा कुणी न आठवणारा भाग आमच्या गावात घडला.

"मत बदलायला मी आलोच नाही," मी म्हणालो. "मला एवढंच विचारायचंय, की 'त्याला फाशी द्या' असं तुम्ही सगळे ओरडत होतात, तेव्हा ते कुणाला सांगत होतात?"

"सरकारला. अजून कुणाला?"

"आणि ते ऐकलं कुणी?"

वहिनींनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आधी तुम्ही माझं ऐका. 12 आणि 13 ऑगस्टला हे झालं. चार वर्षांच्या मुली. शाळेत स्वच्छतागृहाच्या सफाईसाठी कंत्राटावर घेतलेला माणूस. आईबाप पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घ्यायला 11-12 तास. 16 तारखेच्या रात्री नोंद, 17ला अटक. शाळेनं काय केलं? आधी आपलं नाव सांभाळलं. आता सांगा, आम्ही घरी बसून मत मांडायचं होतं का? सोसायटीच्या ग्रुपवर?"

"नाही."

"मग?"

"रुळांवर बसलात ते योग्यच केलंत. यात मला शंकाच नाही."

आणि खरंच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या दिवशी बदलापुरातून गाडी गेली नाही. ज्यांचं सगळं आयुष्य वेळापत्रकावर चालतं, मुंबईपासून 68 किलोमीटरवर राहून रोज पहाटे डबा भरून ज्या बायका लोकल गाठतात, त्यांनी लोकल अडवली. शेवटी लाठीमार झाला, दगडफेक झाली, शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले. पण 22 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. गुन्हा नोंदवायला उशीर का, शाळेने लगेच का कळवलं नाही, हे न्यायमूर्तींनी विचारलं. पुढे शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांची समिती नेमली गेली. हे त्या रुळांवरच्या माणसांनी मिळवलेलं आहे. यातलं काही एखाद्या अग्रलेखाने मिळालं असतं असं मला वाटत नाही.

"मग आपलं भांडण कशावर आहे?" वहिनींनी विचारलं.

"पुढच्या महिन्यावर. 23 सप्टेंबरवर."

त्या दिवशी आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलिसांच्या गाडीतून आणत होते. मुंब्रा बायपासजवळ तो मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवली, असं पोलिसांनी सांगितलं. दोनच दिवसांनी उच्च न्यायालयाने विचारलं, की गाडीत इतके पोलीस असताना एक माणूस आवरता आला नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल आला. त्यात पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं, आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत या न्यायवैद्यक निष्कर्षाचाही उल्लेख होता. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपास करायला सांगितलं.

"हे सगळं मी वाचलंय," वहिनी म्हणाल्या. "वाचून मला काही वाटलं नाही. खरं सांगते. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी. त्यांना कोर्टात उभं करायचं? काळ्या कोटातला माणूस त्यांना उलटसुलट विचारणार, कुठे हात लावला, कधी लावला? तो मेला आणि त्या सुटल्या."

हा त्यांचा सर्वांत जड मुद्दा होता आणि मी त्याला घाईने उत्तर दिलं नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यात मुलाला आरोपीसमोर आणायचं नाही, सुनावणी बंद दाराआड घ्यायची, वकिलाने प्रश्न थेट मुलाला न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे, साक्ष 30 दिवसांत नोंदवायची आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा, असं लिहिलेलं आहे. मी ते सांगितलं.

"शक्यतो," वहिनी म्हणाल्या. "तो शब्द सोडून सगळं खरं असेल."

"बरोबर. 'शक्यतो'वर तुम्हाला पुन्हा रुळांवर बसायचं असेल तर मी येतो तुमच्या शेजारी. पण वहिनी, मुली सुटल्या असं मला नाही वाटत. त्यांच्या बाबतीत काय घडलं याचा निकाल त्याच्याबाबत आता लागायचाच नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. तो दोषी होता, हे कुठल्याही न्यायालयाच्या कागदावर येणार नाही. उद्या या मुली मोठ्या होतील, त्यांना विचारावंसं वाटेल. त्यांच्या हातात काय द्यायचं? आणि तो जिवंत असता, तर त्याला आत कुणी घेतलं, चौकशी न करता कुणी घेतलं, कुणाला कधी कळलं, हे त्याच्या खटल्यात बाहेर आलं असतं. गोळीने एक तोंड बंद झालं. ते बंद होण्याचा फायदा कुणाला होता, तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही."

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण गोळी मी नाही झाडली."

"नाही."

"मी फक्त मत मांडलं. मत मांडणं म्हणजे निकाल देणं नव्हे. लोकल ट्रेनमध्ये, बाजारात, घरी, माणूस हजार मतं मांडतो. अमुक सिनेमा भिकार, तमुक नेता चोर. त्या प्रत्येक मताचं पाप माझ्या माथी?"

मला वाटतं सगळा पेच इथे आहे. सिनेमा भिकार म्हटल्याने सिनेमाला काही होत नाही. नेता चोर म्हटलं तर फार तर त्याचं एक मत जाईल. पण "याला मारा" हे मत वेगळ्या जातीचं आहे. त्यात एक माणूस आहे, आणि ते अमलात आणू शकणारा दुसरा माणूस ते ऐकतोय. 6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी पहाटे मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. आयोगाने 2022 मध्ये सांगितलं, की आरोपींना ठार मारायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. फुलं उधळली गेली त्या दिवशी यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला कुणी थांबलंही नव्हतं.

"म्हणजे आमच्या ओरडण्याने गोळी सुटली?"

"ते मला सिद्ध करता येणार नाही. पण गोळी झाडणाऱ्याला समोर हार दिसत असतील, तर बोट चापावर सहज जातं. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले होते. ते ज्याने लावले त्याने या सिनेमाचं फक्त नाव उचललं. तुम्ही आत्ता पाहिलात ना? शेवटी काय होतं?"

वहिनी म्हणाल्या, "शेवटी तो नवाजुद्दीन, ज्याच्यावर सगळा राग, तोच हिरोचा गुन्हा आपल्या अंगावर घेतो. आणि हिरो मोकळा सुटतो, पण त्याच्याकडे काहीच उरलेलं नसतं."

"सूड घेऊन तो माणूस कुठे पोचला, तेच दाखवलंय."

"भाऊजी, सिनेमा सिनेमाच्या जागी ठेवा. तुम्ही लोक सिनेमावर बोलायला लागलात की फार शहाणे होता. मला 'अर्धसत्य' आवडतो. ओम पुरी."

मला हे उदाहरण त्यांच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. 'अर्धसत्य' 1983चा. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. पोलिसाच्या रागाविषयी त्याच्याइतकं खरं दुसरं काही आपल्याकडे झालेलं नाही, असं माझं मत आहे. त्यातल्या पोलीस अधिकारी वेलणकरला गुंड रामा शेट्टीला हात लावता येत नाही. मग तो सगळा राग कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघतो, आणि तो चोर मरतो.

"पण हा किरकोळ चोर नव्हता," वहिनी पटकन म्हणाल्या.

"नव्हता. मी त्याची कणव करत नाही. फक्त मार कुणावर पडला ते बघा. दोघी मुलींच्या आईबापांना ताटकळत ठेवणारी खुर्ची, लपवालपवी करणारी माणसं, यांच्यावर तुमचा राग पहिल्या दिवशी होता. महिन्याभरात त्या रागाचं सगळं ओझं एका मेलेल्या माणसावर टाकून बाकीचे मोकळे झाले. ऑगस्टमध्ये ज्यांनी तुमच्या आंदोलनाला राजकीय म्हटलं, बाहेरची माणसं आणली म्हटलं, त्यांनी सप्टेंबरात श्रेय घेतलं. ज्यांनी ऑगस्टमध्ये फाशी मागितली, ते सप्टेंबरात पोलिसांना प्रश्न विचारू लागले. नोव्हेंबरात निवडणूक होती. तुमचं मत दोघांनीही वापरलं."

"राजकारण्यांचं सोडा. मला सांगा, राग कसा असावा, याचं उदाहरण आहे का तुमच्याकडे? की नुसतंच 'असा नको'?"

उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. तेव्हा सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात चीड आहे, सरळ आणि बोचरी. पण त्या दोघा पोलिसांना मारा, असं त्यात कुठे नाही.

"प्राध्यापकांना पत्र लिहिता येतं," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला रूळ."

"पत्राने एकट्याने काही झालं नाही. मार्च 1980 मध्ये बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत, पुण्यात, दिल्लीत. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना संबंध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने नव्हती असंच गृहीत धरायचं. पीडितेची ओळख छापायला बंदी तेव्हाच आली. आज या दोघी मुलींची नावं कुणाला ठाऊक नाहीत, ती त्या बायकांमुळे. ते दोन पोलीस मात्र सुटले ते सुटलेच."

"बघा. सुटलेच."

"हो. आणि ते मला अजूनही टोचतं. पण त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट अडली."

वहिनींना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, ज्या मुलीच्या बाबतीत घडलं तिला पुढच्या मुलीच्या कायद्याचं काय करायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातली फाशी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये जन्मठेपेवर आणली, तेव्हा लोकक्षोभावरून शिक्षा ठरवता येत नाही असं न्यायालय म्हणालं. मला ते बरोबर वाटतं. त्या मुलीला ते बरोबर वाटावं, अशी अपेक्षा मात्र मी करणार नाही. दुखावलेल्या माणसाने सूड मागावा, तो त्याचा हक्क आहे. ज्यांचं काही दुखावलेलं नाही त्यांनी, त्याच्या वतीने, त्याला न विचारता सूड मागावा, इथे माझा विरोध सुरू होतो. आणि आपण बहुतेक जण या दुसऱ्या रांगेत असतो.

मग मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. आरोपीच्या आईवडिलांना त्याला पुरायला जागा मिळेना. पुढे तपास लागला तर पुरावा राहावा, म्हणून त्यांना दहन नको होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी 29 सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगरला, लोकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात दफन झालं. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात सगळ्यांचं मत एकच होतं, आमच्या गावात नको.

"तुमचं?"

"मी म्हणालो, साडेतीन हात जमीन त्याच्या आईला द्यावी. तिने काही केलेलं नव्हतं."

वहिनी उठल्या, मुलीचं दप्तर आणलं, वही-डबा बघू लागल्या. "मी आई आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याविषयी मी तेव्हा विचार केला नव्हता. आजही फार करवत नाही. तो मेल्याचं मला वाईट वाटत नाही, ते खोटं कशाला बोलू? पण पोलिसांनी न्यायाधीश व्हावं, हे काही मी मागितलं नव्हतं. पोलिसांनी लगेच तक्रार लिहून घ्यायला हवी होती. एवढंच हवं होतं."

माझ्या मते त्या दिवशी रुळांवरच्या बहुतेकांना एवढंच हवं होतं, आणि त्याच मागणीचा आवाज सर्वांत आधी दबला. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे. मार्च 2022च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' असायला हवी. तुमच्या मुलाच्या शाळेत जा. समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं, ते विचारा. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोच्या कलम 21 खाली गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे का, तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर लेखी मागा.