पळून जाणाऱ्याचा अपराध

भवानी पेठेत कीर्तन आटोपून बसलो होतो, तेव्हा एक मालट्रकचालक पाया पडावयास आला. दर आषाढीला गावच्या दिंडीचे सामान तो आपल्याच ट्रकमधून नेतो. पाया पडला, पण उठून जाईना. म्हणाला, "महाराज, एक शंका आहे. माणूस गाडीखाली आला आणि थांबलो, तर लोक जिवंत सोडत नाहीत. पळालो, तर नवा कायदा दहा वर्षं आत घालणार म्हणतात. धक्का काही कोणी मुद्दाम मारत नाही. मग पळाल्याची शिक्षा धक्क्याहून मोठी कशी?"

मी काहीबाही सांगून त्याला प्रसाद दिला. पण घरी आलो तरी शंका काही सुटेना. तिचे कारण पुढे येईल.

प्रथम कायदा पाहू. २०२३ साली मंजूर झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे; जुन्या दंडविधानात ती दोन वर्षांपर्यंत होती. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम म्हणते की, बेदरकारपणे गाडी हाकून माणूस मारला आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत. यावरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी काम थांबविले आणि पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांस आठवत असेल. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे पोटकलम मागेच ठेवण्यात आले. पण त्या गडबडीत एक गोष्ट पुष्कळांनी नीट वाचली नाही. ही दहा वर्षे जागा सोडल्याबद्दल नाहीत, न कळवता पळाल्याबद्दल आहेत. जमाव अंगावर आला म्हणून ठाण्यात धावला आणि तिथे खरे ते सांगितले, तर तो या पोटकलमात सापडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला दवाखान्यात पोचविण्याचे कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभाची सवलत स्पष्ट देते. मात्र पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळविलेच पाहिजे.

आता शास्त्राकडे वळू. प्रायश्चित्त सांगताना आपले स्मृतिकार नकळत घडलेले पाप आणि जाणून केलेले पाप यांत भेद करतात. धक्का हा बहुधा प्रमाद असतो. क्षणाची झापड, नाहीतर वेगाचा मद. परंतु पळणे प्रमादाने होत नाही. पळणारा मागे पाहतो, पडलेला माणूस त्याला दिसतो, आणि मग तो वेग वाढवितो. म्हणजे पहिले कर्म हाताने झाले, दुसरे बुद्धीने केले. शिक्षा मोठी का, याचे उत्तर मला इथे सापडते.

श्रावणबाळाचे आख्यान आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात एक मार्मिक जागा आहे, ती कीर्तनकार पुष्कळदा घाईत ओलांडतात (मीही ओलांडली आहे). दशरथाने अंधारात आवाजाच्या रोखाने बाण सोडला. हत्ती समजून सोडला. रान होते, रात्र होती, पाहणारे कोणी नव्हते. राजा निघून गेला असता, तर कोण विचारणार होते? पण तो त्या मुलापाशी गेला. पुढे पाणी घेऊन आंधळ्या आईबापांसमोर उभा राहिला आणि "मी तुमचा मुलगा नव्हे, मी त्याला मारणारा," असे स्वतः बोलला. वाल्मीकींनी त्या बापाच्या तोंडी जे घातले आहे त्याचा आशय असा, की राजा, तू आपण होऊन सांगितले नसतेस, तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. शाप चुकला नाही. पुत्रशोकाने मरण आलेच. पण न सांगण्याचा दंड वेगळा होता आणि तो अधिक भयंकर होता. पोटकलम दुसरे हेच म्हणते की नाही?

पुण्यात २०२४ साल या दृष्टीने फार वाईट गेले. जुलैत बोपोडीला गस्तीवरच्या पोलिसांच्या दुचाकीला मोटारीने उडविले. एक शिपाई गेला, मोटार निघून गेली. ऑक्टोबरात मुंढव्याकडे जेवण घरपोच देणारा एक तरुण तसाच गेला. त्याआधी १९ मे रोजी कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मोटारीखाली मेले. तिथे चालविणारा अल्पवयीन मुलगा लोकांच्या हाती सापडला होता, म्हणजे पायांनी कोणी पळाले नाही. पण पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचा आणि घरच्या चालकाने आळ अंगावर घ्यावा म्हणून त्याला धमकावल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. हे आरोप खरे असतील, तर तेही पळणेच झाले. जागेवर उभे राहून केलेले. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट तेवढी लोकांच्या लक्षात राहिली.

ट्रकचालकाचे भय मात्र खोटे नाही. रस्त्यावर गोळा होणारा जमाव म्हणजे कोण? आपणच. गळ्यात माळ घातलेलेही त्यात असतात. चालक उतरला की त्याला खाली पाडून मारायचे, आणि जखमी तिकडे तसाच रक्तात पडलेला. थांबणाऱ्याला आपण मारतो, म्हणून पुढचा थांबत नाही. वारीच्या वाटेवर हे आपण तरी बंद केले पाहिजे.

मनुस्मृतीतले सगळे आज कोणी मानणार नाही, मानूही नये. पण तिच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आहे. जू मोडले, आस तुटला, किंवा "बाजूला व्हा" म्हणून हाकणारा ओरडला होता, तर दंड नाही. हाकणारा अनाडी असेल, तर मालकाला दंड. आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकालाही शंभर.

बसलेल्यांना दंड! इथे मी दर वेळी अडखळतो. पंचवीस-तीस वर्षांमागे यजमानांनी पाठविलेल्या जीपमधून सोलापूर रस्त्याने कीर्तनाला चाललो होतो. अंधार पडलेला. एका गावाबाहेर सायकलवाल्याला धक्का लागला. आवाज मी ऐकला. चालकाने आरशात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी घड्याळ पाहिले. तो काय ते समजला.

कीर्तन वेळेवर सुरू झाले. त्या माणसाचे काय झाले, मला ठाऊक नाही. गाव ठाऊक आहे. पंढरीला जाताना एसटी तिथून जाते, आणि मी डोळे मिटून नाम घेत बसतो. या कार्तिकीला तिथे उतरणार आहे. इतक्या वर्षांनी कोणाच्या दारात जाऊन काय विचारायचे, ते अजून ठरत नाही.